खालचा आवाज

स्वतःच्याच गाण्यांची चाल आपल्याला येत नाही, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही कुणी सांगितलं म्हणून नाही. माझ्याच खोलीत दार लावून, अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसले होते, सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि कळलं.

पण त्याआधी दादाने काय केलं ते सांगायला हवं. नाहीतर सगळा दोष माझ्या माथी येईल, आणि तेवढी मोठ्या मनाची मी नाही.

दादा आणि मी बावीस वर्षं जोडीने गात होतो. कुठल्या कंपनीचे आम्ही कधीच नव्हतो. गाणी आपणच करायची, आपणच रेकॉर्ड करायची आणि शनिवार-रविवारी व्हॅनमध्ये सामान टाकून लहान लहान हॉलमध्ये जाऊन गायची. शब्द माझे, चाल दादाची. तो गिटार वाजवायचा, मी अकॉर्डियन. तो वरचा आवाज गायचा, म्हणजे गाण्याची खरी चाल, लोक घरी जाताना गुणगुणतात ती. मी खालचा आवाज गायचे. त्याच्या चालीच्या खालून, तिला धरून धरून जाणारी दुसरी चाल. ती कुणी गुणगुणत नाही. ती नसली तर गाणं ओकंबोकं वाटतं, पण असली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. घरात आम्ही याला नुसतं 'वरचं' आणि 'खालचं' म्हणायचो. आठव्या वर्षी, घरी गाणी बसवताना, आईने मला खालचं दिलं, तेव्हापासून मी खाली आहे.

तर त्या गुरुवारी आम्ही आईच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. आई कपडे दुरुस्त करून देते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, लग्नाआधी जाड झालेल्या नवरदेवांचे कोट सैल करणं. खिडकीपाशी तिचं मशीन, बाजूला दुसरं जुनं मशीन, आणि मधे आम्हाला बसायला एक बाक. दादाने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मी शाळेत लागलोय. संगीत शिकवायला. येत्या सोमवारपासून."

"येत्या म्हणजे?"

"परवाच्या नंतरचा सोमवार."

"आणि मुलाखत कधी दिलीस?"

तो कपाकडे बघत म्हणाला, "दोन महिने झाले."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. दोन महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून व्हॅन चालवत होता, पेट्रोल पंपावर उतरून माझ्यासाठी कॉफी आणत होता, आणि ताकास तूर लावू देत नव्हता!

"गुडघा बघ माझा," तो म्हणाला. "बावन्न वर्षांचा झालो मी. दर शनिवारी चार तास गाडी, मग दोन-दोन जिने स्पीकर चढवायचे. मला आता नाही जमत, टिटवे."

टिटवी म्हणजे मी. लहानपणी फार ओरडायचे म्हणून.

"गुडघ्याने गातोस का तू?" मी ओरडले. लहानपणीच ओरडायचे असं काही नाही.

आईच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर तिघांचं भांडण झालं असतं. तिने शांतपणे एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि मला म्हणाली, "दुसरं मशीन रिकामंच आहे. मला एकटीला काम आवरत नाही. येऊन बस."

तिने वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. एका सकाळी माझा भाऊ गेला आणि एका मिनिटात माझ्यासाठी स्टूलही तयार झालं.

सहा आठवड्यांनी आमचा एक कार्यक्रम ठरलेला होता. लोखंडी सामानाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, नव्वद खुर्च्यांचा एक हॉल आहे. चौदा वर्षं आम्ही तिथे दरवर्षी गातो. तो हॉल चालवणाऱ्या बाई उंच, कमी बोलणाऱ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावणाऱ्या. त्यांनी एखाद्याला बोलावलं की बाकीचे लहान हॉलवाले त्याला बोलावतात, आणि त्यांनी बंद केलं की फोन हळूहळू थंडावतात. हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दादाने बाकीचे कार्यक्रम रद्द केले ते केले. हा मी करू देणार नव्हते. हा एक हातचा गेला की मी आईच्या शेजारच्या स्टुलावर, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी बाईंना फोन केला.

"जोडी नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"मी एकटी गाईन."

पलीकडे किल्ल्या वाजल्या. "तुम्हाला एकटीला कधी ऐकलं नाही मी. असं करा, तिसऱ्या बुधवारी अकरा वाजता या. चार गाणी म्हणा. नाही पटलं तर तारीख दुसऱ्याला देईन. राग मानू नका."

"मानणारच," मी म्हटलं, "पण येते."

दुसऱ्या दिवशी मी खोलीत बसले. सगळ्यात जुनं गाणं घेतलं, 'जिना'. आमच्या जुन्या घराच्या जिन्यातल्या अंधाऱ्या वळणावर मी चोविसाव्या वर्षी लिहिलं होतं. भाता उघडला, तोंड उघडलं आणि खालचं बाहेर आलं. थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा खालचं. मनातल्या मनात दादाचा आवाज ऐकू येत होता, स्पष्ट, पण तो माझ्या गळ्यात उतरेना. तो वर सुरू झाला की माझा गळा आपसूक खाली जाऊन आपली जागा पकडायचा. बावीस वर्षांत हजाराच्या वर कार्यक्रम केले, आणि माझ्या शब्दांची ती चाल एकदाही माझ्या तोंडून गेली नव्हती. गुणगुणतानासुद्धा मी खालचंच गुणगुणत असणार. मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मग दोन्हींचा राग आला.

बरं, येत नाही तर शिकू. एवढंच ना? मी आमची जुनी रेकॉर्डिंग काढली, इयरफोन लावले आणि परक्याचं गाणं शिकावं तसं आमचं गाणं शिकायला बसले. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, म्हणायची. एकोणीस दिवस. शेजारीण जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "क्लास लावलाय वाटतं?" मी हो म्हटलं. दादाच्या चाली त्याच्या गळ्यासाठी केलेल्या. जिथे तो सहज तरंगायचा तिथे मी टाचा उंचावून फळीवरचा डबा काढतेय असं वाटायचं. पण चार गाणी पाठ झाली. पाठ झाली म्हणजे झाली.

बुधवारी अकराला हॉलमध्ये बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मागे साउंडच्या टेबलाशी खटक्या. हा चौदा वर्षं तिथे आमचा आवाज सांभाळणारा माणूस. बटणं दाबतो आणि बोलतोही तसाच, खटकन एक शब्द आणि बंद. रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचलेल्या, कुणीतरी फरशी नुकतीच पुसलेली, खालच्या दुकानातून पत्रा कापल्याचा आवाज.

पहिलं गाणं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं. एकही सूर चुकला नाही. बाईंनी प्रत्येक गाण्यानंतर मान हलवली, दुकानात आपल्याला नको असलेला कपडा परत देताना हलवतो तशी. मी ओळखते ती मान. आईच्या गिऱ्हाइकांत रोज बघते.

चौथं 'जिना'. भाता उघडला, डोळे मिटले आणि सुरू केलं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की मी खालचं म्हणतेय.

पहिल्या शब्दापासून खालचंच चाललं होतं. एकोणीस दिवसांची मेहनत, शेजारणीचे टोमणे, इयरफोनने दुखणारे कान, सगळं पाण्यात. थांबावं, माफी मागावी, पुन्हा सुरू करावं, हे सगळं डोक्यात येऊन गेलं. पण मी मुळात हट्टी. गाणं अर्ध्यात सोडायचं नाही, ही आमच्या आईने लावलेली सवय. म्हटलं, आता गेलंच आहे तर शेवटपर्यंत नेऊन टाकू. आणि म्हटलं. ना टाचा उंचावाव्या लागल्या, ना फळीवरचा डबा. शब्द माझेच होते, आणि पहिल्यांदा मला ते नीट ऐकू आले.

संपलं. मग मागून खटक्या चालत पुढे आला. चौदा वर्षांत तो टेबल सोडून पुढे आलेला मी पाहिला नव्हता.

"ताई, हे नवीन?" त्याने विचारलं.

"जिना आहे."

"कुठला?"

"अरे, तोच. आमचा. दरवर्षी शेवटी म्हणतो तो."

दरवर्षी हे गाणं त्याच्या हाताखालून गेलं होतं. वरच्या आवाजाचं बटण वर, खालच्याचं थोडं खाली, हे त्यानेच केलं होतं.

बाई उठून उभ्या राहिल्या. "पहिली तीन तुमच्या भावाची होती," त्या म्हणाल्या. "हे कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. म्हणून टाकलं आणि मग जाणवलं की खरंच आहे. खालच्या चाली दादाने कधी केल्याच नव्हत्या. तो वरची करायचा आणि म्हणायचा, तू तुझं बघून घे. बावीस वर्षं मी माझं बघून घेत होते.

"मग अशी बारा आणा," बाई म्हणाल्या. "भावाचं एकही नको. तेवढं होणार असेल तर तारीख तुमची. जमेल?"

"जमेल की."

धादांत खोटं होतं ते. चोवीस दिवसांत बारा गाणी, आणि त्यातलं एकही एकटं उभं राहतं का हे मला माहीत नव्हतं.

नाहीच राहत, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. खालच्या आवाजाची एक खोड असते. वरची चाल शेवटी सा वर येऊन टेकते, घरी आल्यासारखी. खालची त्या वेळी खालच्या प वर असते. दोन्ही एकत्र वाजले की छान वाटतं. पण वरचं काढून घेतलं की गाणं संपतच नाही. लोंबकळत राहतं. 'जिना' त्या दिवशी चालून गेलं, कारण ते एकच गाणं होतं. अशी बारा लोंबकळती गाणी ओळीने कोण ऐकून घेणार?

माझ्या खोलीचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी आईकडे जाऊन बसू लागले. ती तिच्या मशीनवर, मी दुसऱ्या मशीनसमोरच्या त्या स्टुलावर, अकॉर्डियन घेऊन. मनात म्हटलं, बस आता, आईने सांगितलं होतं तसंच झालं.

आईने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पायडल थांबवून म्हणाली, "हे काय गं? बाही शिवून अस्तर तसंच सोडल्यासारखं वाटतंय. पूर्ण कर ना."

"होत नाही पूर्ण. खालचं असंच असतं. तूच दिलंयस मला."

"मग? वाईट दिलं का?"

"दादाचा आवाज चांगला, म्हणून त्याला वरचं. मला उरलेलं."

आईने चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता आपली धडगत नाही.

"त्याचा आवाज चांगलाच आहे," ती म्हणाली. "पण खालचं त्यालाच दिलं होतं आधी. दोन ओळी झाल्या की पळाला वर. पुन्हा दिलं, पुन्हा पळाला. वर कुणी गायला लागलं की त्याला राहवतच नाही. आणि तू आठ वर्षांची, एवढीशी. तुझ्या कानाशी मी मुद्दाम वरचं ओरडून म्हटलं, तरी तू आपली जागा सोडली नाहीस. रडवेली झालीस, पण हलली नाहीस. म्हणून तुला दिलं."

"अडतीस वर्षं झाली, आई. सांगायचं होतंस की."

"विचारलंस कधी? तुला आपलं फुगून बसायचं असायचं. फुगलेल्या माणसाला काय सांगायचं?" असं म्हणून तिने चष्मा लावला आणि पायडल सुरू केलं. तिच्या लेखी विषय संपला होता.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं आणि परत स्टुलावर बसले. डोळे अजून ओले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे असेल, शेवटच्या सुराला डाव्या हाताचं बोट चुकून शेजारच्या बटणावर पडलं. अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला बटणांच्या रांगा असतात. एक बटण दाबलं की खालून एक मोठा भरीव सूर मिळतो, गाण्याला पायाखाली जमीन मिळते. बावीस वर्षं शेवटी मी सा चंच बटण दाबत आले, कारण दादा सा वर असायचा. बोट घसरलं ते प च्या बटणावर. मी तोच खालचा प गात होते, आणि तो लोंबकळायचा थांबला. टेकला.

आईचं पायडल थांबलं. "हं," ती म्हणाली. "आता झालं अस्तर."

चूक माझ्या गळ्यात नव्हतीच. मी त्याच्या जमिनीवर उभी राहून माझं गाणं संपवायला बघत होते.

एक बटण बदललं म्हणून सगळं झालं असं मात्र नाही. शेवट बदलला की मागची ओळ पटेना, ती बदलली की तिच्या मागची. उसवत उसवत पार पहिल्या ओळीपर्यंत जावं लागायचं. एकेका गाण्याला दोन-दोन दिवस. आई शिवायची, मी उसवायचे. गिऱ्हाइकं यायची, कोट घालून आरशापुढे उभी राहायची, आणि मी मधेच तीच ओळ पंधराव्यांदा म्हणायचे. एक गृहस्थ म्हणाले, "आधीचंच बरं होतं." मी म्हटलं, "तुमची पँटही आधीचीच बरी होती." आईने नंतर मला झापलं.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी दादा आला. गिटार घेऊन. शाळेतून थेट आला होता, शर्टाच्या बाहीला खडू लागलेला. बाकावर बसून गुडघा चोळत म्हणाला, "मी मागे बसतो. गाणार नाही. नुसतं हळू वाजवतो. तुला आधार."

त्याच्या मनात काही नव्हतं. रविवारची सुट्टी घालवून तो माझ्यासाठी तो जिना चढायला तयार होता. आणि हो म्हणावंसं मला इतकं वाटलं म्हणून सांगू! बारापैकी सातच गाणी झाली होती. स्टेजवर उजवीकडे बघितलं की तो दिसेल, एवढ्यानेच माझं निम्मं ओझं उतरलं असतं.

"नको," मी म्हटलं.

"अगं, ऐकू पण नाही येणार."

"मला येईल ना. तू पहिला तुकडा वाजवलास की मी तुझ्या मागे जाणार. मला सवय आहे."

"रागावलीयस अजून."

"हो. पण म्हणून नाही म्हणत नाहीये. समोर येऊन बस. तिकीट मी ठेवते."

तो उठला. गिटार पेटीत ठेवताना त्याला कडी सापडेना. मी उठून लावून दिली. तो गेल्यावर मी तासभर काही वाजवलं नाही. दादाला नाही म्हणायची मला सवय नाही. भांडायची आहे, नाही म्हणायची नाही.

शेवटी अकरा गाणी टेकली. बारावं, 'जिना', काही केल्या टेकेना. शेजारचं बटण, त्याच्या शेजारचं, सगळी करून पाहिली. हात टेकले. मग म्हटलं, राहू दे. ते गाणं अंधाऱ्या वळणावरच आहे. लोंबकळू दे.

रविवारी साडेपाचला हॉल भरला. पहिल्या रांगेत आई, नव्या ब्लाउजात, पर्स मांडीवर घट्ट धरून. दादा पाचव्या रांगेत कडेला, गुडघा लांब करता यावा म्हणून. बाकीचे बरेचसे आमचे जुने लोक. स्टेजवर एकच खुर्ची बघून त्यांच्यात कुजबुज झाली.

मी माईकपाशी गेले. "आज गाणी जुनीच आहेत," मी म्हटलं. "पण खालून."

थोडे हसले. पहिल्या गाण्याला सगळे गोंधळले. शब्द ओळखीचे, चाल अनोळखी. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई सवयीने वरचं म्हणायला ओठ उघडायच्या, जुळेना म्हणून मिटायच्या. अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावरून सरकायला लागला. दुसरं गाणं तसंच गेलं. तिसऱ्याला त्या बाईंनी ओठ मिटले ते मिटलेच, आणि मान एका बाजूला कलली. मग मी त्यांच्याकडे बघायचं सोडलं. चौथं, पाचवं, सहावं. उजवीकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथे खटक्याने ठेवलेला पाण्याचा तांब्या दिसला असता, एवढंच.

शेवटी 'जिना'. शेवटच्या कडव्यात मी शेवटच्या ओळीवर आले, आणि पाचव्या रांगेतून वरचं सुरू झालं.

दादा होता. मुद्दाम नाही, हे मी शपथेवर सांगते. डोळे मिटलेले, मान मागे. ते लोंबकळणं त्याला सहन होईना, म्हणून त्याच्या गळ्याने जाऊन ते उचललं, बावीस वर्षं उचललं तसं. हळू होता, पण लखलखीत सुरात. क्षणात लोकांचे चेहरे उजळले. हे त्यांना येत होतं! दहाएक जण, मग वीसेक जण त्याच्या मागोमाग म्हणायला लागले.

आणि ते फार सुंदर होतं. का खोटं बोलू? मी खाली, तो वर, आणि सगळा हॉल त्याच्यासोबत. मला काही करायची गरजच नव्हती. नुसतं होतं तिथे राहायचं. टाळ्या कडकडून पडल्या असत्या. लोक घरी जाताना डोळे पुसत म्हणाले असते, शेवटी दोघं गायलीच बघा. आणि पुढच्या वर्षी बाईंनी फोन करून विचारलं असतं, भाऊ येणार आहे ना?

मी भाता बंद केला.

"दादा," मी माईकमधून म्हटलं, "गप्प बस."

त्याने डोळे उघडले आणि तोंडावर हात ठेवला, शाळेतल्या पोरासारखा. लोक हसले. आई हसली नाही.

"वरचं तुम्हाला सगळ्यांना येतं," मी म्हटलं. आवाज थरथरत होता, तो मी थरथरू दिला. "फार सुंदर आहे ते. माझ्या भावाने केलंय. पण खालचं मी केलंय, आणि ते तुमच्यापैकी कुणीच अजून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. तेवढं म्हणू द्या मला."

मी शेवटचं कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. शेवटची ओळ आली. पाचव्या रांगेत दादा दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून बसलेला मला दिसला. मी खालच्या प वर आले आणि थांबले. डावा हात मी बटणांवरून उचलला. खाली काही नव्हतं, वर काही नव्हतं, नुसता माझा आवाज होता, आणि तो पडला नाही. मला श्वास पुरला तेवढा वेळ मी तो धरला आणि मग सोडला.

टाळ्या यायला वेळ लागला. आल्या त्या आईपासून आल्या.

सामान आवरून निघाले तेव्हा बाई जिन्याच्या तोंडाशी किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. "पुढच्या वर्षी हाच रविवार," त्या म्हणाल्या. "एकच खुर्ची लावते." आणि दिवे बंद करायला गेल्या. खटक्याने लांबून हात केला.

जिन्यातून खाली रस्त्यावर अजून उजेड दिसत होता. लोखंडाच्या दुकानाचं शटर बंद होतं आणि आई शेजारच्या बाकावर बसून कुणाला तरी कोटाचं माप समजावून सांगत होती. अर्ध्या जिन्यात दादा माझी अकॉर्डियनची पेटी घेऊन उभा होता. गुडघ्याचं आता त्याला कोण सांगणार! मी दोन पायऱ्या वर थांबले.

"सॉरी," तो म्हणाला. "मला कळलंच नाही गं, कधी सुरू केलं."

"माहितीये."

"हे सगळं माझ्या खालीच चाललेलं असायचं?"

"मग काय तर."

त्याने पेटी पायरीवर ठेवली, कठड्याला टेकला, आणि हलक्या आवाजात 'जिना' म्हणायला लागला. खालचं. पहिली ओळ बरोबर. दुसरी जेमतेम. तिसऱ्या ओळीला वळण येतं, तिथे त्याचा सूर सुटला आणि सरळ वर गेला, आपल्या जुन्या जागी.

"वर गेलास," मी म्हटलं.

"गेलो का?" त्याने पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच. त्याचं त्यालाच हसू आलं. "अवघड आहे गं हे. कसं करायचीस तू?"

बावीस वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला होता. माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं, दोन महिन्यांचं, बावीस वर्षांचं. ते मी गिळलं. पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी टेकले.

"पहिल्यापासून म्हण," मी म्हटलं. "आणि वरचं ऐकू आलं तरी जागा सोडू नकोस."

त्याने म्हटलं. तिसऱ्या ओळीला पुन्हा वर गेला. मी थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं.